पवित्र भूमीतील पदयात्रा: स्थळे आणि वाटा

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पवित्र भूमीच्या यात्रेविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते बहुधा स्थळांविषयी असते. बेथलेहेमची गुहा, यार्देनचा काठ, यरुशलेममधील कबर. वसई, मुंबई, पुणे, अहिल्यानगर इथून जे गट जातात त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेतही स्थळांचीच यादी असते. एका स्थळापासून दुसऱ्या स्थळापर्यंत वातानुकूलित बस नेते आणि मधला मुलूख खिडकीबाहेरून मागे निघून जातो. आज मला त्या मधल्या मुलखाविषयी बोलायचे आहे. बायबलच्या भूमीत 'हीच ती जागा' असे खात्रीने म्हणता येईल अशी ठिकाणे थोडी आहेत. पण दोन गावांमधले अंतर, त्या अंतरातला चढ आणि उतार, कुठे पाणी मिळते आणि कुठे मिळत नाही, याविषयी मात्र पुष्कळ खात्री देता येते. ही माहिती पायांना मिळते. म्हणून गटाने पायी चालण्याची जी जुनी ख्रिस्ती रीत आहे, तिच्याकडे भक्तीची रीत म्हणून तर पाहावेच, पण शुभवर्तमान वाचण्याची एक रीत म्हणूनही पाहावे, असे मला सुचवायचे आहे.

याला पहिला साक्षीदार इ. स. ३३३ मधला आहे. आजच्या फ्रान्समधील बोर्दो या शहरातून एक अनामिक यात्रेकरू त्या वर्षी यरुशलेमला गेला आणि त्याने मागे एक टिपण ठेवले. त्याचा बराचसा भाग वाचायला अगदी रूक्ष आहे: घोडे बदलण्याचे ठाणे कुठे, मुक्कामाचे ठाणे कुठे आणि मध्ये किती मैल. यरीहोजवळ त्याला एक उंबराचे झाड दाखवण्यात आले. जक्कय येशूला पाहण्यासाठी चढला होता तेच हे झाड, असे त्याला सांगितले गेले आणि त्याने ते निमूटपणे लिहून घेतले. मूळ घटनेला तेव्हा तीनशे वर्षे उलटून गेली होती. झाडाविषयी प्रत्येकाने आपापले मत करावे. पण त्याच टिपणात यरुशलेमपासून यरीहोपर्यंत अठरा मैल असे लिहिले आहे. रोमन मैल सुमारे दीड किलोमीटरचा, म्हणजे हे अंतर सव्वीस-सत्तावीस किलोमीटर भरते, आणि आजही ते तेवढेच आहे. यरुशलेमहून बेथलेहेमकडे जाताना चार मैलांवर राहेलीची कबर आणि तिथून पुढे दोन मैलांवर बेथलेहेम, असेही तो सांगतो. सहा मैल, म्हणजे नऊ किलोमीटरांना थोडे कमी. झाड केव्हाच गेले, मैल मात्र जागच्या जागी आहेत.

गटाने चालत यरुशलेमला जाणे हा ख्रिस्ती शोध नव्हे, हे इथेच सांगून टाकतो. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण या तीन सणांना यरुशलेमला जाण्याची आज्ञा यहुदी नियमशास्त्रात आहे. स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे 'आरोहण' या मथळ्याने दिली आहेत, आणि ती वर चढत जाणाऱ्या यात्रेकरूंनी गायची होती असे सामान्यतः मानले जाते. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आईवडिलांबरोबर अशाच एका मेळ्यातून यरुशलेमला जातो. परत फिरताना तो मागे राहतो आणि मरीया व योसेफ यांना ते एक दिवसाची वाट चालून झाल्यावर कळते. बसने फिरणाऱ्या वाचकाला हे विचित्र वाटते. पोटचा मुलगा दिवसभर दिसला नाही आणि कुणाच्या लक्षात आले नाही, हे कसे? ज्यांनी दिंडीतून चालले आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. मुले मावशीच्या, काकाच्या, शेजाऱ्यांच्या घोळक्यात असतात. मुक्कामावर पोहोचल्यावर, जेवायच्या वेळी, माणसे मोजली जातात. लूकने ही गोष्ट सांगताना मेळ्याची रीत समजावून सांगितली नाही, कारण त्याच्या वाचकांना ती ठाऊक होती.

मेळ्याने जाण्याला सुरक्षिततेचेही कारण होते. उत्तरेकडील गालीलहून, यहुद्यांशी वैर असलेल्या शोमरोनी लोकांच्या मुलखातून, म्हणजे शोमरोनच्या वाटेने गेले तर यरुशलेम तीन दिवसांत गाठता येते, असे पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. पण सणाला निघालेल्या गालीलकरांवर शोमरोनच्या सीमेवरील गावात हल्ला होऊन माणसे मारली गेल्याची हकिगतही तोच सांगतो. लूकच्या नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला आणि त्याच्या शिष्यांना उतरू दिले नाही आणि कारण एवढेच की त्यांचा रोख यरुशलेमकडे होता. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले म्हणजे त्या वाटेवरचा ताण समजतो.

आता ज्या बाईंविषयी या विषयात बोलावेच लागते त्यांच्याकडे वळू. एगेरिया या स्पेनच्या वायव्य भागातून आल्या असाव्यात. इ. स. ३८१ ते ३८४ या काळात त्या सिनाय, यरुशलेम, यार्देनचा परिसर आणि पुढे मेसोपोटेमियाच्या सीमेपर्यंत फिरल्या आणि मायदेशातील आपल्या भगिनींना त्यांनी लॅटिनमध्ये लांबलचक पत्र लिहिले. त्याची एकच मोठी हस्तलिखित प्रत उरली आहे, तीही अकराव्या शतकातील आणि सुरुवात व शेवट हरवलेली; १८८४ मध्ये ती इटलीतील आरेत्सो शहरात सापडली. बाई अतिशय चौकस. सिनायच्या डोंगरावर वाहनाने जाता येत नाही, वळणे घेत घेत हळूहळू चढण्याची सोय नाही, भिंतीवर चढावे तसे सरळ वर जावे लागते, हे त्या तक्रार न करता पण नीट नोंदवतात. वाटेतल्या धोक्याच्या पट्ट्यात रोमन सैनिक सोबत होते, आणि जिथे तिथे स्थानिक मठवासी वाट दाखवायला येत.

त्यांच्या लेखनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. कुठल्याही स्थळी पोहोचले की आधी प्रार्थना, मग त्या स्थळाचा बायबलमधील उतारा वाचायचा, मग त्याला साजेसे स्तोत्र म्हणायचे आणि पुन्हा प्रार्थना. हा क्रम त्यांनी कुठेही मोडलेला दिसत नाही. दगडाला हात लावणे, माती बांधून घेणे यापेक्षा उतारा वाचणे त्यांना महत्त्वाचे वाटते. चालणे आणि वाचणे यांची सांगड मी म्हणतो ती इथे सोळाशे वर्षांपूर्वीच पूर्ण झालेली आहे.

यरुशलेममधील पवित्र आठवड्याचे त्यांचे वर्णन तर सगळ्या ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासातील एक मोलाचा कागद आहे. झावळ्यांच्या रविवारी सगळे शहर जैतुनांच्या डोंगरावर जमते आणि संध्याकाळी बिशपांसह पायी खाली उतरते. मुलांच्या हातात खजुराच्या आणि जैतुनाच्या फांद्या असतात. ज्यांना अजून चालता येत नाही ती आईबापांच्या खांद्यावर असतात. लोक थकू नयेत म्हणून मिरवणूक अगदी सावकाश चालते आणि पोहोचायला उशीर होतो, असे त्या लिहितात. गुरुवारची रात्र जागून, उपाशी पोटी, थकलेला समुदाय गेथशेमानेकडे उतरतो तेव्हा दोनशेहून अधिक मेणबत्त्या पेटवलेल्या असतात, तीही नोंद आहे. वेग सर्वांत अशक्त माणसाने ठरवायचा, हा गटाने चालण्याचा नियम चौथ्या शतकातील यरुशलेमने पाळलेला दिसतो.

भाषेची सोयही त्या सांगतात. बिशप ग्रीकमध्ये बोलतात, ज्यांना ग्रीक येत नाही त्यांच्यासाठी एक धर्मगुरू सिरियाक भाषेत सांगतो, आणि जे केवळ लॅटिन जाणतात त्यांना ग्रीक आणि लॅटिन दोन्ही येणारे बंधू-भगिनी समजावून देतात. अशा जमावात एकट्याने पोहोचलेला परदेशी माणूस फारसे काही समजून घेऊ शकला नसता.

या सगळ्या उत्साहाला त्याच काळात विरोधही झाला. नीसाचे बिशप ग्रेगरी स्वतः यरुशलेमला जाऊन आले आणि मग त्यांनी एका पत्रात यात्रेच्या वेडाविरुद्ध स्पष्ट लिहिले. जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. येशूने धन्य कोणाला म्हटले त्या यादीत यरुशलेमला जाऊन आलेल्यांचा समावेश नाही. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे जेरोम यांची गोष्ट अधिक गंमतीची आहे. पवित्र भूमी पाहिल्याने शास्त्र अधिक समजते असे ते सांगत आणि बेथलेहेममध्ये कायमचे राहिले. पण एका मित्राला यावेसे वाटले तेव्हा त्यांनी कळवले की स्वर्गाचा दरवाजा यरुशलेमहून आणि ब्रिटनहून सारखाच उघडा आहे. पुढे धर्मसुधारणेच्या काळात यात्रेच्या पुण्यावर कठोर टीका झाली, आणि आपल्याकडील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत यात्रा या कल्पनेविषयी जो संकोच आहे त्याचे मूळ तिथे आहे. मला हा आक्षेप योग्य वाटतो, पण तो नेमका कशावर आहे ते पाहिले पाहिजे. स्थळाच्या स्पर्शाने पुण्य मिळते, या समजुतीवर तो आहे. वाचन समजण्यासाठी चालण्याला ग्रेगरींच्या युक्तिवादाने बाध येत नाही.

मध्ययुगाविषयी थोडक्यात सांगतो. १३४२ मध्ये पोपनी पवित्र स्थळांची जबाबदारी फ्रान्सिस्कन बंधूंकडे सोपवली, आणि व्हेनिसहून गलबताने याफाला उतरणारे युरोपीय यात्रेकरू तेव्हापासून त्यांच्या हाताखाली गटाने फिरू लागले. १४८३ मध्ये फेलिक्स फाब्री या डॉमिनिकन धर्मगुरूने त्या गटांना वाचून दाखवली जाणारी नियमावली लिहून ठेवली आहे. स्थानिक वाटाड्याशिवाय एकट्याने फिरू नये, मुसलमानांच्या कबरी ओलांडू नयेत, पवित्र स्थळांचे टवके काढू नयेत, भिंतींवर आपली कुलचिन्हे कोरू नयेत, स्थळे पाहत फिरताना आपसांत हसू नये. प्रत्येक नियमामागे कोणीतरी ते आधी करून बसलेले असणार, हे उघड आहे.

गटाची दुसरी बाजूही याच काळातल्या एका बाईंच्या आठवणींत येते. इंग्लंडच्या मार्जरी केंप १४१४ च्या सुमारास यरुशलेमला गेल्या. त्या मोठमोठ्याने रडत आणि जेवताना सतत शुभवर्तमानावर बोलत. त्यांच्या सोबत्यांना ते असह्य होऊन त्यांनी बाईंना पंगतीतून दूर ठेवले. यरीहोजवळच्या उपवासाच्या डोंगरावर चढताना बाईंनी मदत मागितली तर सोबत्यांनी सांगितले की आमचेच आम्हाला जड झाले आहे. शेवटी वाटेने जाणाऱ्या एका मुसलमान माणसाने, हातावर एक नाणे ठेवल्यावर, त्यांना काखेत धरून वर नेले. गटाने चालण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी, माझ्यासह, हा प्रसंग लक्षात ठेवावा.

आता एका अडचणीच्या गोष्टीला हात घालतो, कारण ती माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जाते. यरुशलेममधील सर्वांत प्रसिद्ध वाट म्हणजे क्रुसाची वाट, व्हिया डोलोरोसा. दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन बंधू त्या वाटेने मिरवणूक नेतात आणि जगभरचे गट लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन तिथून चालतात. ही वाट पहिल्या शतकातील आहे काय? रोमन सुभेदार पिलात याच्यासमोरचा येशूचा न्यायनिवाडा शहराच्या पश्चिमेला, याफा दरवाजाजवळच्या हेरोदाच्या राजवाड्यात झाला असावा, असे आज बऱ्याच अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर येशू जवळजवळ उलट्या बाजूने चालला. या वाटेवर थांबून प्रार्थना करण्याच्या चौदा स्थानांची मांडणी बरीचशी युरोपात घडली, तेथील चर्चमध्ये रुजली, १७३१ मध्ये चौदा ही संख्या अधिकृतपणे ठरली, आणि यात्रेकरूंनी ती मनात घेऊन यरुशलेमच्या गल्ल्यांत शोधली. त्यामुळे 'वाटा खऱ्या आणि स्थळे संशयास्पद' असे सरसकट म्हणता येणार नाही. शहर अनेकदा पाडले आणि बांधले गेले. त्याच्या गल्ल्या विश्वासार्ह नाहीत. विश्वास ठेवायचा तो दऱ्या, धारा, झरे आणि उतार यांवर, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखावर. व्हिया डोलोरोसाचे मोल शतकानुशतके तिच्यावरून चाललेल्या माणसांमुळे आहे आणि ते मी कमी लेखत नाही, पण ते मोल वेगळ्या प्रकारचे आहे.

एकोणिसाव्या शतकात दोन प्रकारचे गट एकाच वेळी त्या मुलखात फिरत होते. इंग्लंडचे सहल-आयोजक थॉमस कुक यांनी १८६९ मध्ये पहिली सहल आणली. तंबू, घोडे, आचारी आणि इंग्रजी न्याहारी यांसह. त्याच सुमारास हजारो गरीब रशियन शेतकरी, त्यांत पुष्कळ म्हाताऱ्या बायका, बोटीने याफाला उतरून पायी यरुशलेमला जात, तिथून यार्देनला, नासरेथला. यार्देनच्या पाण्यात ते पांढरे लांब सदरे घालून उतरत आणि ते सदरे स्वतःच्या दफनासाठी घरी नेत. १८९२ मध्ये याफा ते यरुशलेम रेल्वे सुरू झाली आणि १९१४ च्या महायुद्धाने रशियन यात्रा थांबवली. पुढच्या शतकाने यात्रेचा नमुना म्हणून कुक यांची पद्धत उचलली. घोड्यांच्या जागी बस आली एवढेच.

पायी यात्रा पुन्हा सुरू झाल्या त्या अगदी अलीकडे. त्यांतली सर्वांत माहीत असलेली वाट म्हणजे नासरेथपासून कफर्णहूमपर्यंतची सुमारे पासष्ट किलोमीटरची 'जीझस ट्रेल'. २००७ मध्ये ती दोघांनी आखली: माओझ इनॉन हे इस्राएली यहुदी, नासरेथच्या जुन्या वस्तीत एका अरब घराचे अतिथिगृह चालवणारे, आणि डेव्हिड लँडिस हे अमेरिकन ख्रिस्ती, लांब पल्ल्याच्या वाटा चालणारे. बहुतेक गट ती चार दिवसांत चालतात. मुक्काम अरब गावांत, किबुत्झ म्हणतात त्या सामूहिक शेतीच्या वस्त्यांत, शेतकऱ्यांच्या घरी असतो.

या वाटेवर वाचन कसे बदलते याचे एक उदाहरण मी सविस्तर घेतो. योहानच्या चौथ्या अध्यायात राजाच्या पदरचा एक अंमलदार काना गावी येशूकडे येतो. त्याचा मुलगा कफर्णहूममध्ये मरणाला टेकला आहे. 'खाली या' अशी विनंती तो करतो. येशू म्हणतो, जा, तुझा मुलगा वाचला आहे. तो खाली जात असताना वाटेत त्याचे दास भेटतात आणि सांगतात की काल सातव्या ताशी ताप गेला. वाचताना आपण 'काल' या शब्दावरून पुढे सरकतो. सातवा तास म्हणजे दुपारी एकच्या सुमाराची वेळ. काना ते कफर्णहूम हे अंतर पंचवीस-तीस किलोमीटरांचे, टेकड्या उतरून समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या सरोवरापर्यंतचे. दुपारी एकला निघालेला माणूस अंधार पडण्यापूर्वी पोहोचत नाही. त्याला मध्ये रात्र काढावी लागते. म्हणजे मुलगा बरा झाला की नाही हे कळल्याशिवाय, हाती केवळ एक शब्द घेऊन, त्या बापाने एक रात्र काढली. ती रात्र योहानने लिहिलेली नाही. ती अंतरात आहे. गट ही वाट चालतो तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या टप्प्याआधी हा उतारा वाचण्याचा प्रघात पडला तर फार बरे होईल, असे मला वाटते.

आणि काना नेमके कुठे? यात्रेकरूंना कफर कान्ना हे गाव दाखवतात. तिथे चर्च आहे, रांजण आहेत, दुकानांत लग्नाच्या द्राक्षारसाच्या बाटल्या आहेत. पुरातत्त्वाचे अनेक अभ्यासक मात्र उत्तरेकडील खिर्बेत काना या उजाड टेकडीच्या बाजूने आहेत. वाद मिटलेला नाही. पण दोन्हींपैकी कुठूनही निघा, कफर्णहूम एका दिवसाच्या चालीवर आणि खालीच राहते. लूकही येशू नासरेथहून कफर्णहूमला 'खाली' गेला असेच लिहितो. नासरेथ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर उंच आणि सरोवर सुमारे दोनशे दहा मीटर खाली. हा फरक चालणाऱ्याचे गुडघे बरोबर ओळखतात.

त्याच वाटेवर नासरेथपासून सहाएक किलोमीटरवर सेफोरिस लागते. येशूच्या लहानपणी गालीलचा शासक हेरोद अंतिपा याने ते शहर नव्याने बांधवले, आणि चारही शुभवर्तमानांत त्याचा उल्लेख नाही. योसेफाने तिथे काम केले असेल, असा कयास बरेच जण करतात; तो कयासच आहे. पण तासा-सव्वा तासात ते शहर गाठता येते हे एकदा चालून कळले की 'नासरेथ म्हणजे जगापासून दूर पडलेले खेडे' हे आपल्या रविवारच्या शाळेतले चित्र टिकत नाही.

पुढे हत्तीनची शिंगे म्हणतात तो जोडडोंगर येतो. ३ जुलै ११८७ रोजी क्रुसेडरांचे, म्हणजे युरोपीय ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे, सैन्य सेफोरिसचे झरे सोडून तिबिर्याच्या दिशेने निघाले. मध्ये पाणी नाही, वर जुलैचे ऊन. दुसऱ्या दिवशी तहानेने खचलेल्या त्या सैन्याचा सलाउद्दीनने पुरता पराभव केला आणि ऑक्टोबरमध्ये यरुशलेम घेतले. या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे. उन्हाळ्यात तो टप्पा चालणाऱ्याला त्यातले निम्मे वाचल्याशिवाय कळते. समजूतदार गट तिथे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जातात. त्याचा एक फायदा असा की पाच हजारांना जेवू घातले तेव्हा लोक हिरव्या गवतावर बसले, हे मार्क का सांगतो ते दिसते. योहानच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा वल्हांडण जवळ आला होता. आणखी काही आठवड्यांनी तेच गवत वाळून पिवळे झालेले असते.

दुसरी वाट यरीहो ते यरुशलेम. यरीहो समुद्रसपाटीखाली अडीचशे मीटर, यरुशलेम साडेसातशे मीटर वर. म्हणजे बोर्दोच्या यात्रेकरूचे ते अठरा मैल एक हजार मीटर चढायचे. यरुशलेममध्ये वर्षाला पाचशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस, यरीहोत दीडशेच्या आसपास. मधला सगळा मुलूख उजाड, वळणावळणांचा, दबा धरायला सोयीचा. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला याजक टाळून जातो आणि परका शोमरोनी मदत करतो, त्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यासाठी येशूने ही वाट निवडली तेव्हा ऐकणाऱ्यांना लुटारूंविषयी वेगळे सांगावे लागले नाही. दाखल्यातील याजकही 'खाली' जात होता, असे लूक लिहितो. यरुशलेमहून परतणारा याजक म्हणजे मंदिरातली सेवा आटोपून घरी निघालेला असणार, असा अर्थ काढता येतो, आणि मग शुद्ध राहण्यासाठी त्याने जखमी माणसाला टाळले ही नेहमीची सबब लंगडी पडते. शोमरोन्याने जखमीला आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे त्या चढउतारात तो स्वतः पायी चालला, हेही चालणाऱ्यांच्याच चटकन ध्यानात येते. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू शेवटच्या वेळी यरुशलेमकडे चढत आहे आणि सर्वांच्या पुढे चालतो आहे. मागचे शिष्य चकित झाले आहेत, घाबरलेही आहेत. त्या चढावर पुढे राहणाऱ्या माणसाची शारीरिक घाई त्या एका वाक्यात आहे.

तिसरे उदाहरण अम्माऊसचे, आणि इथे अंतर न्यायाधीशाच्या आसनावर बसते. पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला चालत जातात, तिथे भाकर मोडताना येशूला ओळखतात आणि त्याच घटकेला उठून यरुशलेमला परततात. बहुतेक हस्तलिखितांत हे अंतर साठ स्टेडियम, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर आहे. सिनायच्या प्राचीन प्रतीसह काहींत एकशे साठ, म्हणजे सुमारे तीस किलोमीटर. चौथ्या शतकातील चर्चचा इतिहासकार युसेबियस निकोपोलिस म्हणजे इमवास हेच अम्माऊस मानतो; ते दुसऱ्या आकड्याला जुळते. क्रुसेडरांनी अबू घोश पसंत केले, फ्रान्सिस्कनांनी कुबैबा. पण दिवसभर तीस किलोमीटर चाललेली दोन माणसे संध्याकाळी जेवायला बसून, त्याच रात्री डोंगर चढून पुन्हा तीस किलोमीटर परत आली आणि अकरा शिष्य तोवर एकत्र बसलेले होते, हे मला तरी पटायला कठीण जाते. अकरा किलोमीटर जाऊन येणे मात्र सहज जमते. अर्थात गावाचे नाव इमवासनेच जपले होते, आणि ते गाव १९६७ च्या युद्धात रिकामे करून पाडण्यात आले. आज त्या जागी पर्यटकांचे उद्यान आहे. ते पाहायला येणाऱ्या गटांना हा शेवटचा भाग क्वचितच सांगितला जातो.

त्यावरून आजच्या परिस्थितीकडे येतो. नासरेथ ते बेथलेहेम अशी सुमारे एकशे साठ किलोमीटरची 'नेटिव्हिटी ट्रेल' २००० सालच्या ख्रिस्तजयंती महोत्सवाच्या निमित्ताने आखली गेली. ती पॅलेस्टिनी गावांतून जाते. झबाब्देह, तैबेह यांसारख्या गावांत ख्रिस्ती कुटुंबे अजून नांदतात आणि चालणारा गट त्यांच्याकडे उतरतो. ख्रिस्ती यात्रेतील एक जुनी उणीव इथे थोडी भरून निघते, कारण बसमधून उतरून दगडी भिंती पाहणाऱ्या कित्येकांना त्या भूमीत आपल्याच श्रद्धेची माणसे दोन हजार वर्षे राहत आली आहेत याचा पत्ताही नसतो. महाराष्ट्रातून गेलेल्यांना आणखी एक अनपेक्षित भेट घडू शकते: कोकणातून गेलेले बेने इस्राएल हे यहुदी लोक दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत आहेत आणि त्यांतल्या वडीलधाऱ्यांच्या घरी अजून मराठी ऐकू येते.

ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि त्यानंतरचे युद्ध यांमुळे या सगळ्या वाटांवरची वर्दळ एकदम ओसरली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही बेथलेहेमने नाताळचा जाहीर उत्सव केला नाही. जीझस ट्रेल आखणाऱ्या माओझ इनॉन यांचे आईवडील ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात मारले गेले. त्यानंतर ते पॅलेस्टिनी सहकारी अझीझ अबू सारा यांच्याबरोबर समेटासाठी बोलत फिरत आहेत, आणि मे २०२४ मध्ये वेरोना इथे पोप फ्रान्सिस यांनी दोघांना एकत्र आलिंगन दिले.

बेथलेहेम ते यरुशलेम या वाटेवर आज भिंत आणि तपासणी नाका आहे. परदेशी यात्रेकरूंची बस तिथून थोड्या वेळात पार होते. बेथलेहेमच्या ख्रिस्ती माणसाला झावळ्यांच्या रविवारी बेथफगेहून जैतुनांच्या डोंगरावरून यरुशलेममध्ये उतरणाऱ्या मिरवणुकीत चालायचे असेल तर परवाना लागतो. एगेरियांच्या वेळी तिथला रहिवासी आणि परदेशातून आलेल्या बाई एकाच घोळक्यात, एकाच वेगाने उतरत होते. रोमन सहा मैलांचे हे नवे अंतर नकाशावर मोजता येत नाही, आणि तिकडे जाणाऱ्या गटांनी त्याचीही चौकशी केली पाहिजे.

आपल्यापैकी कोणी पुढेमागे गट नेणार असतील तर माझी सूचना व्यवहाराची आहे. आयोजकाशी बोलताना आठ-दहा दिवसांच्या कार्यक्रमातून दोन स्थळे कमी करायला सांगा आणि त्या जागी एक पूर्ण दिवस चालण्यासाठी मागून घ्या. काना ते सरोवर हा टप्पा दमछाक करणारा आहे, म्हणून वयस्कर मंडळी असतील तर त्याचा उताराकडचा शेवटचा भाग घ्या. यरीहोची वाट घ्यायची तर स्थानिक वाटाड्या हवाच, प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी हवे, आणि त्या दिवशीच्या सुरक्षेची विचारपूस आदल्या रात्री करावी. बरोबर मराठी बायबल असावे, आणि उतारा कोणी वाचायचा ते चालायला लागण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.